आधी उजेड, मग मास्तर

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. सुटताना पोरांना रांगेने फाटकाबाहेर सोडण्याचं काम माझ्याकडे आहे, आणि त्या गलक्यात पर्समधला फोन वाजलेला कळणं शक्य नसतं. त्या शनिवारी रस्त्यावर आल्यावर पाहिलं तर मयूरचे एकामागून एक फोन येऊन गेलेले. मयूर म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, रवीचा, मुलगा. मी फोन लावला. "आत्या, तू सरळ कडोदऱ्याला ये. पप्पा खात्यात पडले," एवढंच तो म्हणाला. पडले म्हणजे काय, लागलं का, दवाखान्यात नेलं का, असं मी विचारत राहिले. तो पुन्हा म्हणाला, "पडले, आत्या…" आणि मला समजलं.

रवी कडोदऱ्याला लूम्सच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मास्तर होता. अडलेला लूम सुरू करायचा, कापडात दोष दिसला तर कारीगराला दाखवायचा, नव्या पोरांना हात धरून शिकवायचं, हे त्याचं काम. लूम्स चालू असले की तिथे माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. म्हणून कुणाला बोलवायचं झालं तर सगळे मागून जाऊन खांद्यावर थाप मारतात. रवी तसं कधी करत नसे. त्याच्या हातात एक लहानशी बॅटरी असायची. तो लांबूनच तिचा उजेड कारीगराच्या समोरच्या कापडावर टाकायचा. कारीगर मान वर करायचा, रवीला बघायचा, आणि मगच रवी त्याच्याजवळ जायचा. त्या सकाळी बिपिन नावाच्या कारीगराच्या कापडावर असाच उजेड पडला. त्याने मान वर केली, तर मास्तर कुठेच दिसेनात. उजेड मात्र घसरत घसरत खाली जमिनीवर आला आणि तिथेच राहिला. रवी दोन लूम्सच्या मधल्या वाटेत कोसळला होता. मी पोहोचले तेव्हा बिपिन बाहेर ओट्यावर बसला होता आणि जो येईल त्याला एकच सांगत होता, "बत्ती आया, मास्टर नहीं आया." ओडिशाचा तो पोरगा, त्याचं हिंदी तसंच आहे. ते वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही.

खरं तर मी लिहिणार नव्हते. रवीला स्वतःविषयी बोललेलं आवडत नसे, मग छापून आलेलं कसं आवडेल? पण दहाव्याला आमच्या नात्यातले एक काका चहाची बशी हातात घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बापाने मारून मारून वळण लावलं, म्हणून तर पोरगा मास्तर झाला." दोघातिघांनी माना डोलावल्या. मला असा संताप आला की मी उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारलं. सुतकाच्या घरात भांडण नको म्हणून तिथे गप्प बसले. पण गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही. काकांना जे तिथे सांगितलं नाही, ते इथे सांगते.

आम्ही लिंबायतमध्ये वाढलो. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, आणि सगळी गल्ली धुळे-जळगावकडून लूम्सवर कामाला आलेल्यांची. वडलांना आम्ही आण्णा म्हणायचो. आण्णाही लूम्सवरच होते. बारा तासांची पाळी करून यायचे तेव्हा त्यांच्या कानात तोच खडखडाट भरलेला असायचा, आणि घरात भांडं पडलं तरी ते चवताळून उठायचे. मला त्यांनी कधी बोट लावलं नाही. पोरगी परक्याचं धन, तिला मारू नये, असं त्यांचं म्हणणं. जे होतं ते सगळं रवीच्या वाट्याला आलं. कारण काहीही पुरायचं. पेन्सिल हरवली, दूध सांडलं, हाक मारल्यावर लगेच उठला नाही. आणि ते नेहमी मागून मारायचे. रवी भिंतीकडे तोंड करून गणितं सोडवत बसलेला असायचा, आण्णा दारातून आत यायचे, आणि काय झालं हे कळायच्या आत त्याचं डोकं पुढे आपटलेलं असायचं. पुढे ते कमरेचा पट्टाही काढू लागले. आई आडवी जायची, पण नंतर त्याच्या पाठीला हळद लावताना तीच म्हणायची, "बापच मारस ना, परका थोडाच मारस?" गल्लीत सगळ्यांच्या घरी थोड्याफार फरकाने हेच चालायचं, त्यामुळे कुणाला त्यात वेगळं काही वाटत नसे. रवीने मात्र बसायची जागा बदलली. तो पाठ भिंतीला टेकवून, दाराकडे तोंड करून बसू लागला. जेवायला तसाच, अभ्यासाला तसाच, लग्नाच्या पंगतीतही तसाच. आम्ही त्याला चिडवायचो, "आला बघा चौकीदार!" तो हसायचा, पण जागा सोडायचा नाही.

डोक्याने तो माझ्यापेक्षा हुशार होता, हे मी आज शिक्षिका असूनही बिनदिक्कत सांगते. माझी गणितं तोच सोडवून द्यायचा. दहावीनंतर आण्णांनी त्याला शिक्षण सोडायला लावलं आणि ओळखीने हिऱ्याच्या कारखान्यात चिकटवलं. तिथे हिरे घासायच्या चाकाभोवती चौघं बसतात, त्या चाकाला घंटी म्हणतात. मॅनेजर मागून फिरत राहतो आणि खांद्यावरून वाकून काम बघतो. रवीची बोटं चांगली चालायची, सगळे म्हणायचे. पण मॅनेजरची सावली पाठीवर पडली की त्याचा हात थरथरायचा, आणि हिरा काही थरथर सोसत नाही. तिथून त्याला काढलं. मग रिंगरोडवरच्या साडीच्या दुकानात लागला. तिथे गिऱ्हाइकांच्या मधोमध गादीवर बसून साड्या उलगडायच्या. तो सारखा सरकत सरकत मागच्या फळीला जाऊन टेकायचा. शेठला वाटलं, पोरगा आळशी आहे, टेकायला बघतो. तीही नोकरी गेली. मग आण्णांनी स्वतःच्या ओळखीतल्या एका खात्यात लूम शिकायला ठेवलं. तिथल्या मास्तरने सगळे करतात तेच केलं, मागून येऊन खांद्यावर थाप मारली. रवी गर्रकन वळला आणि वळता वळता त्याचा हात मास्तरच्या तोंडावर बसला. मास्तरचा ओठ फुटला. ही बातमी लिंबायतभर झाली. त्या रात्री आण्णांनी त्याला शेवटचं मारलं, आणि तेव्हा रवीला मिशी फुटली होती.

त्यानंतरची काही वर्षं त्याच्यावर "याचं काम टिकत नाही" असा शिक्का बसला. लोक कामचोर म्हणायचे, गरम डोक्याचा म्हणायचे. तो दोन्ही नव्हता. मला एकदाच म्हणाला होता, "ताई, मांगे कोनी उभं ऱ्हायनं का मना हात मना ऱ्हात नहीत." मागे कुणी उभं राहिलं की हात आपले राहत नाहीत… हे कुणाला सांगायचं? नोकरी देणारा माणूस शिक्षण विचारतो, अनुभव विचारतो, आधीचं काम का सोडलं ते विचारतो. घरी कोण मारायचं, आणि कुठून, हे कोणी विचारत नाही. विचारलं असतं तरी रवीने सांगितलं नसतं. बापाची तक्रार परक्याकडे कशी करायची, हीच आमची शिकवण. मी त्याच घरात, त्याच ताटातलं जेवून मोठी झाले. मी परीक्षा दिल्या, मुलाखतीला पाठ दाराकडे करून बसले, आणि मागे दार आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही. माझी नोकरी टिकली. आमच्या दोघांत फरक एवढाच होता.

मधे त्याने भाड्याची रिक्षा चालवून पाहिली. आता तुम्हीच सांगा, ज्याला पाठीमागे माणूस सहन होत नाही त्याने रिक्षा चालवावी? पण कुणाच्या हाताखाली नको, स्वतःचं काम बरं, असा त्याचा हिशेब. त्याने आत मोठे आरसे बसवून घेतले. तरी त्याचं सगळं लक्ष मागच्या माणसाकडे. एकदा मीच बसले होते, गोडादऱ्याहून स्टेशनला जायचं होतं. तो आरशात मला बघून बोलत होता आणि पुढे हातगाडीवर कोबीचा ढीग. मी ओरडले नसते तर त्या दिवशी आम्ही दोघं कोबीत गेलो असतो. नंतर आम्ही त्यावर पुष्कळ हसलो. रिक्षा त्याने त्याच आठवड्यात परत केली.

कडोदऱ्याच्या खात्यात तो कसा टिकला, तर निव्वळ जागेमुळे. खात्याचे शेठ बोलायला कमी, पण डोळ्याने बघणारे. रवीला त्यांनी मधल्या रांगेतले लूम्स दिले होते. दोनतीन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस कापडाकडे कमी आणि मागे जास्त बघतो. दुसऱ्या कुणी बाहेर काढला असता. शेठ मास्तरला म्हणाले, "एने भींतवाळी लाइन आपी दो." याला भिंतीकडची रांग द्या, एवढंच. कारण विचारलं नाही, उपदेश केला नाही. भिंतीकडच्या रांगेत कारीगराच्या पाठीशी भिंत असते, तिथून कोणी येऊ शकत नाही. त्या रांगेत रवी जो उभा राहिला, तो तिथेच रुजला. त्याच्या कापडात दोष सापडेना. पगाराचं पहिलं पाकीट त्याने आईच्या हातात ठेवलं तेव्हा आई म्हणाली, "आते टिकशी ना रे भाऊ?" आता टिकशील ना? तो म्हणाला, "भित शे ना माय." भिंत आहे ना. आईला काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी परातीतलं पीठ उगाच चाळत बसले.

पुढे त्याचं लग्न झालं, सुरेखा घरात आली, मयूर झाला, आणि काही वर्षांनी तो मास्तर झाला. मास्तरला भिंत नसते, त्याला सगळीकडे फिरावं लागतं. पण तोवर त्याला भिंतीची गरज उरली नव्हती, किंवा थोडीच उरली होती. बॅटरी त्याने पहिल्याच दिवशी घेतली. बाकीचे मास्तर टिंगल करायचे की हा काय सिनेमातला डोअरकीपर आहे का, बॅटरी मारत फिरतो. रवी ऐकून घ्यायचा. तीन खात्यांतून काढलेला बिपिन त्याच्याकडे आला तेव्हा त्याच्याविषयी हेच सांगण्यात आलं होतं, पोरगा डोक्याने कमी आहे, ओरडलं की पुतळ्यासारखा उभा राहतो. लूम अडलेला असताना पुतळा होऊन कसं चालेल? रवीने त्याला विचारलं, "घर पे कौन मारता था?" बिपिन म्हणाला, "चाचा." रवीने त्याला भिंतीकडची रांग दिली आणि सगळ्यांना बजावलं की याच्याशी काय बोलायचं ते समोर येऊन. बिपिन आजही त्याच रांगेत आहे. आता दोघा नव्या पोरांना तोच शिकवतो.

म्हातारपणी आण्णांना अजिबात ऐकू येईना. सगळं आयुष्य लूम्सपाशी घालवलेल्या माणसाचं हेच होतं. रवीने त्यांना शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवलं, आंघोळ घातली, नखं कापली. आण्णा पलंगावर बसलेले असले की तो बॅटरीचा उजेड त्यांच्या पायाजवळ टाकायचा आणि मग समोरून जायचा. मी एकदा म्हटलं, "त्यांनी तुझ्यासाठी कधी दिवा लावला होता का रे?" तो म्हणाला, "दचकतील ना ताई." मला त्याच्याइतकं मोठं मन नाही. आण्णांना मी अजून माफ केलेलं नाही, आणि हे लिहिताना मला त्याची लाजही वाटत नाही.

पण रवीच्या जिवाला खरा घोर होता तो मयूरचा. आपल्या हातांचं जे झालं ते पोराच्या हातांचं होऊ नये, ही एकच गोष्ट त्याला हवी होती, आणि त्यात सगळ्यात मोठी भीती त्याला स्वतःचीच वाटायची. मयूर तिसरी-चौथीत असेल. त्याने बापाची बॅटरी खोलून तिची स्प्रिंग कुठेतरी घालवली होती आणि दाराकडे पाठ करून जमिनीवर सगळे भाग मांडून बसला होता. मी तिथेच सुरेखाबरोबर भाजी निवडत होते. रवी पाळी करून आला, दारात उभा राहिला, त्याने ते बघितलं… आणि मी त्याचा हात वर गेलेला पाहिला. मागून. तसाच, त्याच कोनात. मयूरला काहीच माहीत नव्हतं, तो स्प्रिंग शोधत होता. रवीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि आल्या पावली तो बाहेर निघून गेला. सुरेखा त्याच्यामागे धावली, तो दिसला नाही. अंधार पडायच्या सुमाराला मला तो कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीजवळ सापडला, भिंतीला टेकून उभा. म्हणाला, "हात उठना व्हता ताई. आण्णाना सारखाच." मी म्हटलं, "उठला होता, पडला नाही ना?" तो रडला. रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मोठा बाप्या माणूस रडला, आणि मीही रडले.

दुसऱ्या दिवशी त्याने नवी स्प्रिंग आणून बॅटरी जोडली. तेव्हापासून खात्यातला नियम घरातही आला. मयूर पाठमोरा बसलेला असला की रवी दारातूनच उजेड त्याच्या पुढ्यात टाकायचा. पोराला तो खेळच वाटला. मागे न बघता तो पाय लांब करायचा आणि उजेडावर ठेवायचा, "पकडला!" रवी उजेड सरकवायचा, पोरगं बसल्या बसल्या त्याच्यामागे सरकायचं, आणि शेवटी बाप येऊन त्याच्या शेजारी बसायचा. त्या घरात मागून जे यायचं ते एवढंच. नंतर मयूर मोठा झाला, खेळ मागे पडला.

गेल्या दिवाळीनंतर मयूरला साडीच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायची नोकरी लागली. आमची शेवटची भेट त्याच आनंदात झाली. रवी पेढे घेऊन माझ्याकडे आला, भिंतीजवळच्या त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर बसला. मी पगार विचारला, तास विचारले. त्याला त्यातलं काही सांगता येईना. पोराला त्याने एकच विचारलं होतं, तू बसतोस तिथे पाठीमागे काय आहे? मयूर म्हणाला होता, मागे सरांची केबिन आहे, सर येऊन उभे राहतात, स्क्रीन बघतात. रवीने लगेच विचारलं, मग? तुला चालतं? "पप्पा, काम चालू असतं तेव्हा मागे कोण बघतं?" असं मयूर म्हणाला. रवीने ते वाक्य मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्याला हसू आवरेना, आणि हसता हसता तो डोळे पुसत होता. मी म्हटलं, "घे, आता पेढा तरी खा." जाताना तो बोळाच्या तोंडाशी उभा राहून पुन्हा म्हणाला, "मागे कोण बघतं म्हणतो, ताई!" आणि गेला. मला दिसलेली त्याची शेवटची पाठ तीच.

परवा रविवारी मी गोडादऱ्याला त्यांच्या घरी गेले होते. सुरेखा आत पोळ्या करत होती. मयूर बाहेरच्या खोलीत, दाराकडे सरळ पाठ करून, कानाला हेडफोन लावून ऑफिसचं काही काम करत बसला होता. मी आले हे त्याला कळलं नव्हतं. फळीवर रवीच्या फोटोपाशी ती बॅटरी ठेवलेली होती, बिपिनने खात्यातून आणून दिलेली. पडली तेव्हापासून तिची काच थोडी तडकलेली आहे. मी ती हातात घेतली. चालते की नाही बघावं म्हणून बटण दाबलं, आणि उजेड मयूरच्या खुर्चीपुढे फरशीवर पडला. त्याची बोटं थांबली. तो दचकला नाही, वळला नाही. टेबलाखालून त्याने हळूच डावा पाय पुढे केला आणि उजेडावर ठेवला. तो पाय तिथून हलेना, आणि मला बटण बंद करता येईना.